काचमामांची सही

काही फुटलं की काचमामा आतल्या खोलीतून, न बघता सांगायचे, "बीकर. अडीचशेचं. खिडकीजवळचं टेबल." आणि ते तेच असायचं! पुण्यातल्या आमच्या कॉलेजात ते रसायनाच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. खरं नाव कुणी घेत नसे. पोरी पाठीमागे काचमामा म्हणायच्या, तोंडावर नुसतं मामा.

बोलणं अस्सल पुणेरी, लिंबासारखं. "मामा, बर्नर पेटत नाहीये," असं कुणी म्हटलं की, "गॅस सोडलात, की नुसती विनंती केलीत?" कुणी काही फोडून "चुकून फुटलं हो" म्हणालं की, "अरे वा, म्हणजे ठरवून नाही. आनंद आहे." सगळ्यांना अहो-जाहो. अगदी सतरा वर्षांच्या, दोन वेण्या घातलेल्या मलासुद्धा.

आमच्या वेळी अकरावीची मॅट्रिक झाली की थेट कॉलेजात, प्री-डिग्रीला. मी लोणी काळभोरची, शेतकऱ्याघरची, मराठी शाळेतली. पहाटे उठून दोन बस बदलून यायचे आणि वर्गात बसून नुसती फळ्याकडे बघायचे, कारण सर बोलायचे ते सगळं इंग्रजीत. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी मोठ्यानं विचारलं, "मामा, ह्या बाटलीत काय हाय?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मामा शांतपणे म्हणाले, "आम्ल हाय. जपून वता." मग हसणाऱ्यांकडे वळून, "आपलं हसून झालं असेल तर नळ्या धुवायच्या आहेत." मामा मूळचे हडपसरचे, घरची शेती, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की ह्या इमारतीत आपलं एक माणूस आहे.

पण एका माणसावर कॉलेज निभत नाही. सहामाहीत मी तीन विषयांत आपटले. गणितात तर असे मार्क की सांगायची लाज वाटते. घरी रडरड रडले. वडील म्हणाले, "नसंल जमत तर ये माघारी. शिवणाचा क्लास लाव." ते मायेनंच म्हणाले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी दाखला काढायला ऑफिसात गेले. कारकुनानं एक फॉर्म दिला. लायब्ररीची सही, जिमखान्याची सही आणि काचसामान परत मिळाल्याची प्रयोगशाळेची सही आणा, मग दाखला.

दोन सह्या दहा मिनिटांत झाल्या. मामांनी मात्र फॉर्म वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. माझा कप्पा उघडून एकेक वस्तू उजेडात धरली. शेवटी एक परीक्षानळी बाजूला काढली.

"हिला तडा आहे."

"अहो मामा, कुठंय तडा?"

"मला दिसतो. तुम्हाला दिसत नाही, म्हणून तर तुम्ही शिकायला आलात."

"मग भरून देते की."

"पैसे चालत नाहीत. नळीला नळी. नवा माल आला की बघू. तोवर प्रॅक्टिकल बुडवायचं कारण नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माल यायला तीन आठवडे लागले. मग तिपाईवरची जाळी आपल्या यादीतली नाही, असं निघालं. मग पिपेटचं टोक. बाई गं, काय छळलं त्या माणसानं! वर आणखी एक खोड. प्रॅक्टिकल संपलं की मला थांबवायचे. "आज सर काय म्हणाले? मला मराठीत सांगा. आम्हाला कुठलं इंग्रजी?" सांगायचं म्हणजे आधी ऐकणं आलं. नाही समजलं तर मी मैत्रिणीला विचारायचे, डिक्शनरी बघायचे, कारण दुसऱ्या दिवशी मामा वाट बघत उभे असायचे. सगळ्या बाटल्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या होत्या, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं. तोवर मी पहिल्या बाकावर बसायला लागले होते. वार्षिक परीक्षेत पास झाले, तेव्हा फॉर्मची आठवणही राहिली नव्हती.

पुढे बी.एस्सी. केलं, शाळेत शास्त्र शिकवायला लागले. मामा निवृत्त झाल्याचं कळलं आणि एका रविवारी पेढे घेऊन हडपसरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीनं, मंदाताईंनी, दार उघडलं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, माहेरी आलेल्या. चहा झाल्यावर मी मामांना छेडलं, "आता खरं सांगा, त्या नळीला तडा होता?"

"नव्हता."

मी हसले. ते हसले नाहीत.

"ही आपल्याच कॉलेजात होती," ते मुलीकडे न बघता म्हणाले. "तुमच्या आधी दोन वर्षं. असाच फॉर्म घेऊन आली. इंग्रजी झेपत नाही म्हणाली. मी सामान मोजलं. पूर्ण भरलं. सही करून मोकळा झालो. नियमानं बरोबर होतं."

"बाबा, पुरे की आता," मंदाताई म्हणाल्या. रागानं नाही, सवयीनं. मामा उठून अंगणात गेले.

मंदाताईंनी कपबशा गोळा केल्या, आत जायला निघाल्या आणि दारात थांबल्या.

"अहो, एक विचारू? दिवाळीनंतर कुठले कुठले प्रयोग असतात हो? मी दिवाळीपर्यंतच होते."

मी वर्गात रोज तास तास बोलणारी बाई. पण असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या कपबशा तशाच हातात घेऊन समोर बसल्या, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.