वस्ती: नाही

रंजीता राठोड एका फायनान्स कंपनीच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव शाखेत पाच वर्षांपासून कर्जाच्या फायली तपासते. मानोऱ्याजवळच्या तांड्यातली. आई-बाप दर दिवाळीनंतर सांगलीकडं ऊसतोडीला जायचे, ही मामाकडं राहून शिकली आणि एम.कॉम. झाली.

डिसेंबरात कंपनीनं वाशिमला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. कर्ज देताना पाणी, माती, हवा यांचा विचार कसा करायचा, असा विषय. बाकीच्यांच्या लक्षात जेवण राहिलं. रंजीतानं वही भरली. शिकवणाऱ्या बाईंचं एक वाक्य तिनं दोनदा लिहून घेतलं: यंत्राची धूळ कोणाच्या घरात जाणार, हे त्या घरी जाऊन विचारा.

शेवटी ऑनलाइन परीक्षा झाली. शाखेत दोघंच पास झाले, रंजीता आणि मॅनेजर राजपाल इंगळे. राजपालसरांची परीक्षाही तिनंच त्यांच्या मोबाईलवर दिली होती. "तुले येते ना सगळं? मंग दे न माही," एवढंच ते म्हणाले होते, आणि तिनं दिली. याची चीड तिला अजून येते, सरांपेक्षा स्वतःचीच जास्त.

जानेवारीत गिट्टी क्रशरची फाईल आली. अशा फायलीला आता पर्यावरणाचा तक्ता लागतो आणि त्यावर पास झालेल्या दोघांच्या सह्या: एक पाहणी करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. पाहणी राजपालसरांनी केली होती. 'पाचशे मीटरच्या आत वस्ती: नाही.' सोबत फोटो. फोटोत घरांची ओळ, कडेला विहीर, आणि प्रत्येक दाराला टेकवलेल्या बोरीच्या काट्या.

रंजीता फोटो घेऊन थेट त्यांच्या टेबलाशी गेली.

"सर, हे काय हाये?"

"पडीक घरं. माणूस नव्हतं तिथं. मी सोता गेलतो."

"जानेवारीत तांड्यात कोण रायते? सगळे ऊस तोडून राह्यले तिकडं. दाराले काट्या काहून लावतेत, माहीत हाये? शेळ्या-कुत्रे आत घुसू नाई म्हणून. परत यायचं असते म्हणून!"

"आता तू मले तांडा शिकवशीन?"

"परीक्षा मीच देली न तुमची. मंग शिकवतोच!"

शेजारच्या टेबलावरचा शाहिद खोकल्याच्या नावाखाली हसला. राजपालसर लाल झाले.

"सही कर गपचूप. ट्रेनिंग ट्रेनिंगच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी. प्रमोशनच्या यादीत नाव हाये तुहं, इसरू नको."

ती बाहेर पडली. स्कूटी काढून फोटोतल्या तांड्यावर गेली. तिथं म्हातारी कमलीबाई एकटीच भेटली, विहिरीवर पाणी भरताना. एकेचाळीस घरं याच विहिरीवर. क्रशरची जागा तिथून हाकेच्या अंतरावर. कमलीबाईला कोणी काही विचारलं नव्हतं. तिनं मुकादमाचा, हेमसिंगचा नंबर दिला. संध्याकाळपर्यंत रंजीतानं फोनवरून एकेका घराचं नाव उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली, पण आपल्या रकान्यात लिहून: 'वस्ती आहे. एकेचाळीस घरं. माणसं ऊसतोडीवर. पाहणीत कोणालाही विचारलेलं नाही.' खाली अकरा मोबाईल नंबर दिले आणि तक्ता मुख्य कार्यालयाला पाठवून दिला. राजपालसरांच्या परीक्षेचं खरंही त्यातच लिहिलं. स्वतःच्या नावासकट.

आठवड्यानं मुख्य कार्यालयातून हेमसिंगला फोन गेला. तो उसाच्या फडात होता. "क्रेशर? आमच्या इहिरीजवळ? अन् आमाले इचारलं कोणं?" तो इतका ओरडला, की पलीकडच्या साहेबानं फोन कानापासून लांब धरला असावा.

फाईल नामंजूर झाली नाही. 'लोक परतल्यावर फेरपाहणी' असा शेरा पडला. राजपालसरांना परीक्षा पुन्हा द्यायला सांगितलं. रंजीताला खोटी परीक्षा दिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि प्रमोशनच्या यादीतून तिचं नाव गेलं.

"काय मिळालं तुले?" शाहिदनं विचारलं.

"दोन महिने," ती म्हणाली. "तांडा वापस येईस्तोर पुरे हायेत."

आणि तिनं हेमसिंगला फोन लावला, क्रशरला हरकत घेणारा ग्रामसभेचा अर्ज कसा लिहायचा ते सांगायला.