कपाळावरचं जांभळं फडकं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

सुधाताई इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्येच, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतात. रिटायर्ड डॉक्टर, एकट्या. तरुणपणी ग्लासगोला नोकरीत असताना त्यांनी एक जपानी चित्र घेतलं होतं — लाकडी ठशांनी कागदावर छापलेलं. काबुकी नाटकातला नट, आपल्याकडच्या स्त्रीपार्टी नटांसारखा, बाईच्या वेषात. कपाळावर जांभळं फडकं. त्या जांभळ्यावर ताईंचा जीव.

दोन वर्षांपूर्वी त्या चार महिन्यांसाठी नागपूरला भावाकडे गेल्या, तेव्हा चित्र माझ्याकडे ठेवलं. "कपाटात ठेव हं. ऊन लागलं की हे रंग उडतात."

"ठेवतो की. उघडणारसुद्धा नाही."

मी ते लाउंजमध्ये लावलं, दक्षिणेच्या मोठ्या खिडकीसमोर. ऑफिसची माणसं जेवायला येणार होती ना! कुणीतरी विचारलं, "लव्हली! कुठे मिळालं?" मी म्हणालो, "ग्लासगोला." मग ते काढायचं राहिलं. राहिलं म्हणजे — काढवेना. तो सगळा उन्हाळा.

रंग रोज थोडा थोडा उडतो, दिसत नाही. की मला बघायचंच नव्हतं?

ताई परतल्या. फ्रेम उजेडात धरून बघितली. फडकं आता जुन्या पुठ्ठ्याच्या रंगाचं झालेलं.

"अरे, हे जांभळं होतं ना?"

एवढंच म्हणायचं होतं — हो, होतं, चुकलो. रागावल्या असत्या, आठ दिवस बोलल्या नसत्या. पण मी हसलो — हो, हसलो — आणि म्हणालो, "नाही हो ताई, असंच होतं की. तुमचा काहीतरी घोळ होतोय."

त्यांच्या आईला शेवटी पोटची मुलंही ओळखू येत नव्हती. हे मला माहीत होतं. ते वाक्य बोलताना माहीत होतं.

त्यानंतर त्यांनी गाडी विकली. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन स्मरणशक्तीची टेस्ट करून घेतली. रिझल्ट चांगला आला, तर म्हणाल्या, "टेस्टला काय कळतंय? मला जांभळं आठवतंय, त्याचं काय?" गॅसपाशी चिठ्ठी, दारावर चिठ्ठी. शेवटी चित्र मलाच देऊन टाकलं. "माझ्याच्याने बघवत नाही रे."

परवा मी फ्रेम उघडली. कागद ठशावर घासून छापतात, रंग पार मागच्या बाजूपर्यंत उतरतो — मला ठाऊक नव्हतं. पाठीला ऊन कधी लागलंच नव्हतं. कपाळाच्या जागी — जांभळं.

तेवढ्यात फोन. "आज गुरुवार ना रे?"

चित्र हातातच होतं, पालथं.

"हो ताई, गुरुवार."

"बरं. तू सांगितलंस की खात्री वाटते."

मी चित्र पुन्हा फ्रेममध्ये घातलं. सुलटं.