बोटं मोडायची राहिली

करणी, बाधा, अंगात येणं हे सगळं आमच्या गल्लीत होतं. कोणाकडे लिंबू कापलं जायचं, कोणाकडे धूप. मी त्यातलं काही मानलं नाही, आजही मानत नाही. सारं आयुष्य शाळेत मराठी शिकवलं, उरलेला वेळ पुस्तकांत गेला. या सदरातले अनुभव वाचतानाही मी मनात कारणं शोधत असते... आणि बहुतेक वेळा सापडतात. माझ्या घरातल्या गोष्टीचं कारण तेवढं सापडलं नाही. गेल्या वर्षी दादा गेला. ज्याला विचारता आलं असतं असं आता कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते आहे.

नागपूरला गांधीबागेत कापडाच्या एका गोदामाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. वडील लवकर गेले. घरात आई, माझा मोठा भाऊ वसंता आणि मी. दादा फौजेत होता, कामठीच्या छावणीत. एकाहत्तर सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या तुकडीला सरहद्दीवर जायचा हुकूम आला. आई आणि मी बसने कामठी स्टेशनवर गेलो. शेजारच्या कुसुममावशीही आल्या होत्या.

गाडीच्या खिडकीत दादाच्या बाजूला त्याचा मित्र श्रावण होता. कन्हानचा पोरगा. सारखा हसायचा. आईला म्हणाला, "काकू, फक्त याचीच बला घेता का? आमच्या तोंडावर काय डाग पडले?"

"तुही माय घेईन तुही," आई म्हणाली. पण हसली.

बला घेणं आमच्याकडे नेहमीचंच. बायका दोन्ही हात माणसाच्या चेहऱ्यावरून उतरवतात, मग आपल्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडतात. बोटं कडकड वाजली की त्याची इडापीडा तिथेच मोडली, असं समजायचं. आईनं गजांतून हात घातले, दादाच्या गालांवरून उतरवले आणि म्हणाली, "तुह्यं सारं मले लागो." तेवढ्यात गाडी हलली. कुसुममावशींनी घाबरून तिला दंडाला धरून मागे ओढलं. आईचे हात हवेतच राहिले.

परतीच्या बसमध्ये ती आपल्या तळव्यांकडे बघत होती. "शालू, बोटं मोडायची राहिली वं."

"मग आता मोड."

"अशी मागून मोडत नसते."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. इतकंच.

डिसेंबरमध्ये लढाई सुरू झाली. एका दुपारी आई खालच्या अंगणात गहू निवडत होती आणि बसल्या जागी ओरडून आडवी झाली. डावी मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी लुगडं वर करून पाहिलं, तर काही नाही. ना जखम, ना सूज. डॉक्टर म्हणाले, वात असेल, शेका. ती त्या दिवसापासून लंगडायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात दादा आला तो कायमचाच. नोकरीची मुदत संपली होती. गल्लीतल्या लोकांनी हार घातले, पेढे वाटले. तो सगळ्यांना "हो, हो" म्हणत होता. मी विचारलं, लागलं बिगलं का रे कुठे? तो म्हणाला, "डाव्या मांडीत तुकडे घुसले होते लोखंडाचे. मले मालूमच नाही पडलं. बुटात ओलं लागलं तेव्हा पाहिलं." रेशनच्या रांगेत काय झालं ते सांगावं तसं. आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

दादा अगदी सरळ चालायचा. लंगडत होती ती आई.

मी स्वतःला समजावलं, आईचा जीव, योगायोग. मग चहाचं सुरू झालं. दादा चुलीवरून उतरवलेला चहा नळाच्या पाण्यासारखा घशाखाली घालायचा. गल्लीतली पोरं बघायला जमायची. कुसुममावशी म्हणाल्या, "मिलिटरीत नरडं पितळेचं बसवून देते वाटते!" सगळे हसले. आई मात्र पदर तोंडाला लावून मोरीपाशी चुळा भरत होती.

एका सकाळी दूध उतू जायला लागलं आणि दादानं सांडशी न घेता पातेलं हातांनी उचलून खाली ठेवलं. मी ओरडले. पण त्याच क्षणी माझ्यापेक्षा मोठ्यानं कोणीतरी ओरडलं... खालच्या नळावरून. आई तिथे धुणं धूत होती. धावत खाली गेले तर तिनं दोन्ही हात बादलीत बुडवून धरलेले. हातांवर ओरखडासुद्धा नव्हता. वर दादाच्या तळव्यांना टरटरून फोड आलेले, आणि तो शांतपणे बघत होता, दुसऱ्याचे हात असावेत तसा.

त्या दिवशी मी त्याला सांगितलं. तो आपले तळवे उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "मले कुठीच काही दुखत नाही, शालू. तिथून आल्यापासून नाही."

"तिले दुखते."

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून तो चहा गार होऊ द्यायला लागला. चप्पल घातल्याशिवाय पायरी उतरेना. दाढी करताना वस्तरा इतका जपून फिरवायचा की मला बघवत नसे. स्वतःसाठी नव्हतं ते.

शरीर असं जपता येतं. बाकीच्याचं काय करायचं?

श्रावण परत आला नव्हता. दादाच्या बाजूलाच गेला तो. एक दिवस दादा त्याच्या आईला भेटायला कन्हानला गेला, मी सोबत गेले. नदीच्या वाळूत त्यांची डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी होती. त्या माउलीनं आम्हाला सावलीत बसवलं, पाणी दिलं, गोड डांगर कापून दिलं आणि समोर बसून विचारलं, "कसा गेला गा तो? त्रास झाला का त्याले?"

दादानं सगळं सांगितलं. कुठे लागलं, किती वेळ होता, काय बोलला. सांगता सांगता डांगराच्या फोडी खात होता. बिया वेचून बाजूला ठेवत होता. ती बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पदराआड रडत म्हणाली, "पोरा, तू तं त्याचा दोस्त होता ना?"

"हो," दादा म्हणाला. "चांगला दोस्त होता."

मला त्याचा राग आला नाही. भीती वाटली.

घरी आलो तेव्हा कुसुममावशी जिन्यातच भेटल्या. "कुठं होते वं तुम्ही? दुपारपासून माय रडून राहिली तुही." आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले.

"काहून रडून राहिली वं?"

"मले काय मालूम," ती म्हणाली. "कोणाचं तरी पोट्टं गेलं वं, शालू. आपलं नाही. पण आपल्यासारखंच."

आम्ही कन्हानला गेलो हे तिला ठाऊक नव्हतं. बाजारात जातो म्हणून सांगितलं होतं.

त्यानंतर ती थांबलीच नाही. भाकरी थापताना, देवापुढे, कोणाच्या बारशात... एकदम डोळे भरून यायचे. ज्यांची नावंही तिला माहीत नव्हती अशी किती माणसं ती रडली असेल. काही तर समोरच्या बाजूचीही असतील. दादा सकाळी गांधीबागेतल्या दुकानात कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, वेळेवर जेवायचा, शांत झोपायचा. आई वाळत चालली.

शेवटी मीच म्हटलं, "आई, तेवढी बोटं मोडून टाक. संपव हे."

ती पीठ मळत होती. हल्ली अगदी हलक्या हातानं मळायची, बोट वाजू नये म्हणून. "मोडले अन् सारं त्याच्या अंगावर गेलं तं?"

"असं कधी जाते का?"

"मंग मोडाले काहून सांगून राहिली?"

मी शिकलेली. उठून चूल सारखी करायला लागले.

"त्याले झेपन काय एवढं?" ती म्हणाली. "थोडा सावरू दे. मंग पाहू."

त्याच वर्षी हिवाळ्यात एका पहाटे ती झोपेतच गेली. सकाळी बायका जमल्या, गल्लीतली माणसं बांबू आणायला गेली. दादा कोरड्या डोळ्यांनी सगळी व्यवस्था बघत होता. आईचे हात आखडले होते, मुठी मिटलेल्या. कोणीतरी म्हणालं, वसंता, हात जोडून ठेव तिचे. तो खाली बसला. तिची बोटं एकेक करून सरळ करायला लागला.

ती वाजली. कडकड... अगदी स्पष्ट. खोलीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

दादा तसाच राहिला. मग त्यानं श्वास आत ओढला, थंड पाण्यात पडलेला माणूस ओढतो तसा. हात डाव्या मांडीकडे गेला आणि तो तिथेच कोसळला. आधी त्यानं हाक मारली ती श्रावणला. मग आणखी कोणाकोणाला. आईला हाक मारायची वेळ फार उशिरा आली. अंत्ययात्रा थांबवावी लागली, कारण अग्नी देणाऱ्याला उभं राहता येत नव्हतं. दोघांनी धरून नेलं त्याला.

नंतर एक्स-रे काढला. तुकडे हाडाला लागून होते. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस चालत कसे होतात तुम्ही?"

पुढची सगळी वर्षं तो लंगडत चालला. लग्न केलं नाही. दर उन्हाळ्यात कन्हानला जायचा, श्रावणच्या आईच्या वाडीत बसायचा. डांगर मात्र त्याच्या घशाखाली उतरत नसे.

योगायोग, मनाचे खेळ, आईची माया — सगळी नावं मी लावून पाहिली. कुठलंच बसत नाही. हात भाजले तेव्हा ती खाली नळावर होती, एवढं मी शपथेवर सांगू शकते. पुढे मला काही सांगता येत नाही.

दादाच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात मी त्याच्या उशाशी होते. दुखणं फार होतं. नर्स सुई घेऊन आली, म्हणाली, "काका, याने दुखणं कमी होईल." त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "माहंच आहे ते."