फाइटपासून टाइटपर्यंत

"नाइट म्हणजे काय?" इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं.

बहादरपूरचा नथ्थू उभा राहिला. त्यानं हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि सूर लावला, "फाइट म्हणजे लढाई, लाइट म्हणजे उजेड, माइट म्हणजे जोर, नाइट म्हणजे रात्र!" मग तो खाली बसला.

उत्तर बरोबर होतं. साहेबांची पेन्सिल मात्र होती तिथेच थांबली.

गोष्ट इंग्रजी अमदानीतली. बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत मी इंग्रजीचा नवा मास्तर होतो, तोही प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे काम पुरं, नोकरी अर्धी. इन्स्पेक्शनला साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर घरी. रावेरच्या ज्या मुलीशी माझं लग्न ठरत होतं, तिच्या वडिलांनीही स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी पक्की झाली की सुपारी फोडू." मुलगी मला फार आवडली होती. त्यामुळे त्या दिवशी माझा सगळा जीव त्या पेन्सिलीत अडकला होता.

आता नथ्थूच्या सुराबद्दल सांगतो. तो मीच लावून दिला होता.

इंग्रजी स्पेलिंगपुढे माझी पोरं रडकुंडीला येत. लाइटमध्ये जी आणि एच लिहायचे, पण म्हणायचे नाहीत, हे त्यांना पटतच नसे. "बोलत नाही तं लिहायचं कायले?" असं नथ्थूनं एकदा विचारलं, तेव्हा मी खडू शोधण्यात गुंतलो. पण हीच पोरं संध्याकाळच्या परवच्याला पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, घडाघडा म्हणत. मग मी इंग्रजीचाच पाढा केला. ज्यांच्या शेवटी आय, जी, एच, टी ही चारच अक्षरं येतात ते शब्द एकत्र घेतले. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. शाळेमागे विणकरांची घरं होती. हातमागाचा ठोका दिवसभर चालायचा. पोरांनी तोच ताल धरला आणि बघता बघता सगळा वर्ग तयार झाला. पाटीवर लिहायला सांगा, चारही अक्षरं जागच्या जागी. हेडमास्तर अण्णाजी खूश. मी तर गावातून छाती काढून चालायला लागलो होतो.

फक्त एक गोष्ट मी कधी करून पाहिली नव्हती. मधलाच शब्द विचारून पाहिला नव्हता.

साहेब नागपूरकडचे, डोक्याला पगडी, बोलणं तोलूनमापून. त्यांनी दुसऱ्या मुलाला उठवलं. "टाइट?"

"फाइट म्हणजे लढाई, लाइट म्हणजे उजेड..."

"थांब. नुसतं टाइट सांग."

पोरगं गांगरलं. मदतीला नथ्थूच उठला. "साहेब, बीचमधून नाही येत. त्याले पहिलेपासून म्हनू द्या ना!"

वर्गात खसखस पिकली. साहेब हेडमास्तरांकडे वळले. "अण्णाजी, ही इंग्रजी आहे की भजन?"

अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, पोरं जरा लांबून येतात, पण चुकत नाहीत."

"आणि उद्या कचेरीत कोणी एक शब्द विचारला, तर हे फाइटपासून सुरू करणार? तोवर विचारणारा घरी जाईल, मास्तर."

रावेरची सुपारी मला अख्खीच्या अख्खी दिसायला लागली.

"राहू द्या. गणित पाहू," साहेब म्हणाले. "अकरा पाऊण किती रे?"

नथ्थूच्या घरी कापूस. वजनमापं त्याच्या रोजच्या कानावरची. तो फटकन म्हणाला, "सव्वाआठ."

साहेबांनी मान डोलावली नाही. त्यांनी डोळे अर्धवट मिटले आणि ओठ हलायला लागले. आधी काही ऐकू येईना. मग हळूच आलं, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन..."

पाढ्याचा सूर ऐकला आणि माझा वर्ग गप्प बसेल? मागच्या बाकावरून दोघांनी साथ दिली, मग सगळेच सुटले. "चार पाऊण तीन! पाच पाऊण पावणेचार!" मी हातानं गप्प बसा म्हणतोय, अण्णाजी डोळे वटारतायत, पण ऐकतो कोण? साहेबही थांबेनात. आता थांबले असते तर त्यांनाही पहिल्यापासून यावं लागलं असतं. "दहा पाऊण साडेसात! अकरा पाऊण सव्वाआठ!"

शेवटचा आकडा साहेबांनी पोरांइतक्याच जोरात म्हटला.

साहेबांनी डोळे उघडले, चाळीसभर तोंडांकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. पगडी सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "मास्तर," ते म्हणाले, "केस पिकले, पण मलाही अजून बीचमधून नाही येत!"

मला इतका आनंद झाला की मी अण्णाजींच्या आधीच हसलो.

जाताना साहेबांनी मला कायम केलं, पण अट घातली. "पुढच्या वेळी मला दुसऱ्या वाटेनंही आलेलं पाहिजे." वैशाखात माझं लग्न झालं. वर्षभर मी पोरांकडून टाइटपासून फाइटपर्यंत उलटा पाढा घोटून घेतला.

पुढच्या इन्स्पेक्शनला तेच साहेब आले. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी नथ्थूला विचारलं, "राइट म्हणजे काय?"

नथ्थूनं हाताची घडी घातली आणि अदबीनं विचारलं, "साहेब, वरून येऊ का खालून?"

पोरं आपण शिकवतो ते शिकतात, आणि अगदी तेवढंच शिकतात. मधून यायला त्यांना आणखी एक वर्ष लागलं. साहेबांना पाऊणकी मधून यायला लागली का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.