साहेबांसाठीचा ट्रे

कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत तो माझ्या शेजारी बसायचा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी आम्ही दोघंही करत होतो, पण त्याच्या अंगात कायदा भिनला होता. बिस्किटाचा पुडा फोडायच्या आधी तो मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचायचा. खिशात आयोडीनची छोटी बाटली असायची. मेसमध्ये पनीर आलं की त्यावर थेंब टाकायचा, आणि ते निळं पडलं की ताट सरकवायचा. "बघ, स्टार्च. काय वाटेल ते खाऊ घालतात साले." त्या दिवशी तो उपाशी राहायचा. मी जेवायचो.

परीक्षेत दोघंही राहिलो. मी एका पतपेढीत चिकटलो. त्याला एका बड्या मिठाईवाल्याकडे लायसन्स, तपासण्या वगैरे सांभाळायची नोकरी लागली.

दिवाळीआधी मी तिथं पेढे घ्यायला गेलो. गर्दीमुळे तोही काउंटरवर उभा होता. मला पाहून त्यानं काउंटरखालून एक झाकलेला ट्रे काढला आणि हळू आवाजात म्हणाला, "बघ, हा चांगल्या खव्याचा. तपासणीला साहेब आले की सँपल यातलंच देतो. तू हेच ने."

रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "दादा, मलाही यांना दिले तेच द्या. नातवाला हवेत."

"हो काकू, तेच," म्हणत त्यानं काचेमागच्या ट्रेमधले पेढे भरले.

कलमं मलाही पाठ होती. मी माझा खोका घेऊन निघालो. घरी सगळे म्हणाले, पेढे फार छान आहेत.