प्रीमियम समुद्राची तपासणी

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वाईट वस्तू विकत घेतली नाही. चांगलीही फारशी घेतली नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते मालाच्या तपासणी खात्यात होते, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी जेवढा माल पास केला त्याहून जास्त परत पाठवला, असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. ती त्यांच्याबरोबर बदलापूरला घरी आली. बेलवलीतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा कलिंगडवाला त्यांना लांबून येताना पाहून गाडीवर ताडपत्री ओढतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. ते एक कलिंगड उचलतात, कानाशी नेतात, वाजवतात, खाली ठेवतात, दुसरं उचलतात, आणि सगळी गाडी वाजवून झाली की "आज राहू द्या" म्हणून पुढे जातात. एकदा तो वैतागून म्हणाला, "काका, तुम्हाला कलिंगड पाहिजे की तबला?" साडूंनी शांतपणे उत्तर दिलं, "तबला असता तर घेतला असता. आवाज चांगला आहे. आत काय आहे ते कळत नाही."

फ्रिज घ्यायचा होता तेव्हा त्यांनी एक अख्खा उन्हाळा आपलं दही शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलं. दह्याला शेजाऱ्यांची हरकत नव्हती. साडू रोज सकाळी येऊन वाटीचा वास घेत आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजबद्दल मत देत, त्याला होती. पावसाळा लागला आणि शेजाऱ्यांनीच कंटाळून नवा फ्रिज घेतला. तेव्हा तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मुलीसाठी स्थळं पाहायला गेले की ते मुलाशी दोन वाक्यं बोलत आणि हात धुवायच्या निमित्ताने मोरीत जात. नळ गळत असला तर स्थळ नापास. "नळ गळणाऱ्या घरात माणसं उद्यावर ढकलतात," ते म्हणत. जावई शेवटी चांगला मिळाला. त्याच्या घरचे नळ आजही घट्ट आहेत.

त्यांच्या या स्वभावाची घरात आणि नात्यात थट्टा होत असे, पण ती दबक्या आवाजात. त्याला कारण होतं. बदलापुरात जागा घ्यायची तेव्हा नदीकडेच्या एका नव्या, देखण्या इमारतीत सगळ्या नातेवाइकांनी एकदम बुकिंग करायचं ठरवलं होतं. साडू एकटे अडून बसले. भर पावसात छत्री घेऊन ते तिथे पुनःपुन्हा जात, आसपासच्या जुन्या माणसांना पाणी कुठपर्यंत येतं ते विचारत आणि त्यांनी हाताने दाखवलेली उंची आपल्या छातीवर मोजून परत येत. बुकिंग रद्द झालं. पुढे नदीला पूर आला आणि त्या इमारतीचा तळमजला पाण्यात गेला. त्या पावसानंतर साडूंना "किती विचार करता हो" असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. ताईही म्हणाल्या नाहीत.

ताई म्हणजे साडूंच्या पत्नी, माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण. संसारात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागून उपयोग नव्हता, हा त्यातला एक भाग. तीन वर्षांपूर्वी दाराच्या चौकटींना त्यांचा खांदा लागू लागला. कल्याणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब घालत राहा, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते आत्ता सांगता येणार नाही. कडेचं आधी जातं, मधलं शेवटी. ताईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. घरी आल्यावर चहा करता करता त्या म्हणाल्या, "मला एकदा असं ठिकाण बघायचंय, जिथे चारी बाजूंनी पाणीच आहे." समुद्र त्यांनी पाहिला होता, पण किनाऱ्यावरून. एका बाजूचा.

पैसे होते, हे इथे नोंदवायला हवं. अडचण पैशांची नव्हती. याच सुमारास कुठल्याशा प्रदर्शनात टाकलेल्या कुपनावरून फोन आला, की तुमची निवड झाली आहे, उल्हासनगरच्या हॉटेलात जोडीने या, जेवण आमच्याकडे. मुंबईहून सुटणाऱ्या एका बड्या बोटीची ही योजना होती. ठरावीक सफरी फक्त सभासदांसाठी. वेगळा डेक, वेगळं जेवणघर, गर्दी नाही, गोंगाट नाही. मी पत्रकार, तेव्हा बातमी होईल का ते बघा, म्हणून साडूंनी मलाही नेलं. टाय लावलेला एक तरुण टेबलाशी बसला आणि त्याने आपला ठरलेला पहिला प्रश्न विचारला, "सर, मॅडमना शेवटचं कुठे घेऊन गेलात?"

"दवाखान्यात," साडू म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. ताईही हसल्या. मग पडद्यावर बोट आली. ताई उठून पहिल्या रांगेत गेल्या आणि पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान फिरवून पाहू लागल्या, कारण एका नजरेत तो त्यांना मावत नव्हता. त्या बघत होत्या आणि मागे साडूंची तपासणी सुरू झाली होती. "साधा समुद्र वेगळा आणि प्रीमियम समुद्र वेगळा असतो का?" तरुण म्हणाला, नाही सर, समुद्र सेमच, एक्सपीरियन्स प्रीमियम. "बरं. बोटीवर सगळेच सभासद. मग आपण सभासद आहोत हे कळणार कसं? बघायला दुसरं कोणीतरी पाहिजे ना?" तरुणाने साहेबांना बोलावलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना बोलावलं. जेवण थंड झालं. निघताना तिघांनीही साडूंना वाकून नमस्कार केला. तो आदराने होता की सुटकेने, ते मला सांगता येणार नाही.

घरी येताना रिक्षात ताई म्हणाल्या, "चांगली होती."

"चांगली दिसत होती," साडू म्हणाले. "तपासू."

आणि ते तपासू लागले. खुश माणसाची साक्ष कामाची नाही, हा त्यांचा कारखान्यातला नियम, म्हणून त्या बोटीवरून नाराज होऊन परतलेला माणूस शोधायचा ठरला. माझ्या ओळखीतून उल्हासनगरच्या कॅम्प चारमधले एक सिंधी कापड व्यापारी सापडले. आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी पापड आणि सरबत मागवलं आणि नाराज नसल्याबद्दल जवळजवळ माफी मागितली. "देखो साईं, खाना एक नंबर. एसी एक नंबर. कंपनी एक नंबर."

"और समुद्र?" साडूंनी विचारलं.

व्यापाऱ्यांनी आठवून पाहिलं. मग आत बसलेल्या बायकोला ओरडून विचारलं, "अरे, समुंदर देखा था क्या अपन ने?" आतून उत्तर आलं, "तुम तो रमी में बैठे थे. मैंने देखा था. बहुत था." बाहेर पडल्यावर साडू म्हणाले, "दोन साक्षीदार, एकाने बघितलाच नाही. म्हणजे पन्नास टक्के माल वाया."

मग गच्चीचा प्रयोग झाला. बोटीवरच्या खोलीचं माप त्यांनी फोनवरून मिळवलं होतं. सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी खडूने खोली आखली: पलंग, कपाट, न्हाणीघर, दार, आणि जादा पैसे देऊन मिळणारी बाल्कनी. ताईंना वर आणून आत उभं केलं. बाल्कनी लागेल की नाही हे बसून ठरवायचं होतं. वाळत घातलेल्या चादरींमधून शेजारपाजारचे बघायला आले. कोणी म्हणालं, "काका, बोट कधी सुटणार?" तळमजल्यावरच्या एक बाई खडूच्या दारातून न येता भिंतीतून आत आल्या, तर साडूंनी त्यांना परत पाठवून दारातून यायला लावलं. ताई खडूच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या. समोर पाण्याच्या टाक्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे डोंगर. साडूंनी विचारलं, "काय वाटतं? वर्थ आहे?" ताई म्हणाल्या, "अहो, इथून मी काय सांगू?" हे उत्तर त्यांनी अनिर्णित धरलं.

पुढची चाचणी बोट लागण्याची. भाऊच्या धक्क्यावरून एक बोट पलीकडे जाते, तिच्यातून त्यांनी ताईंना नेऊन आणलं. सबंध वेळ ते ताईंच्या तोंडाकडे बघत होते, मळमळतंय का म्हणून. "पाण्याकडे बघू द्या की," ताई म्हणाल्या. "नंतर बघ. आधी पोट कसं आहे ते सांग." पोट उत्तम होतं. पण खाडीतलं पाणी शांत असतं, खोल समुद्राचा पुरावा तो धरता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. तोवर योजनेची किंमत वाढली, म्हणून उतरेपर्यंत थांबणं शहाणपणाचं ठरलं. किंमत उतरली तेव्हा ती का उतरली हा प्रश्न निघाला. या काळात माझी बायको मला दर रविवारी म्हणे, "तुम्ही तरी सांगा ना त्यांना." मी एकदा सांगितलं. साडू म्हणाले, "पत्रकार, तुम्ही घाईत छापता आणि दुसऱ्या दिवशी खुलासा देता. आमच्या धंद्यात माल एकदा फाटकाबाहेर गेला की गेला." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त इथे फाटकाबाहेर जात होती ती दुसरीच गोष्ट.

ती जाताना दिसत नव्हती, कारण ताई तक्रार करत नव्हत्या. आधी त्यांनी एकट्याने जिना उतरणं सोडलं. मग चहा कपाच्या बाजूला पडू लागला. मग आलेल्या माणसाला आवाजावरून ओळखणं सुरू झालं. साडू थेंब अगदी वेळेवर घालत, बाटलीवरची तारीख दर वेळी वाचत. थेंबांच्या बाबतीत त्यांच्याकडून एक चूक झालेली नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्यांचा मला फोन आला. आवाज चढलेला होता. "पत्रकार, पास केली. बाल्कनीसकट." मी आणि बायको पेढे घेऊन बेलवलीला गेलो. ताई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या, बोटांनी. त्यांची मान ताटाकडे वळलेली नव्हती. साडू त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"अगं, ठरलं. जाऊया."

"कुठे?"

"बोटीवर. सगळं तपासलं. वर्थ आहे."

ताईंची बोटं थांबली नाहीत. एक खडा लागला, तो त्यांनी बाजूला ठेवला. "कोणाला न्यायचंय बघायला?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. "मला आता नुसता वारा लागेल हो. वारा काय, आपल्या गच्चीवरपण आहे." आणि माझ्या बायकोकडे, म्हणजे तिच्या आवाजाकडे वळून, "अगं, पेढे कोपऱ्यावरच्या दुकानातले का? वास छान येतोय," असं म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं साडूंच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं.

त्यानंतर साडू फारसे बाहेर दिसत नाहीत. कलिंगडवाल्याने मध्यंतरी मला थांबवून विचारलं, काका बरे आहेत ना, हल्ली वाजवायला येत नाहीत. भेटले की ते एकच प्रश्न विचारतात, "तेव्हाच गेलो असतो तर नीट दिसलं असतं ना तिला? तुम्हाला काय वाटतं?" मी होय म्हणालो तरी त्यांचं समाधान होत नाही आणि नाही म्हणायला माझ्याकडे आधार नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मालातली खोट काढली. या वेळी माल परत कुठे पाठवायचा, हे त्यांना ठरवता येत नाही.

गेल्या महिन्यात मी दुपारचा त्यांच्याकडे होतो, तेव्हा फोन वाजला. योजनेचाच होता, पण मुलगी नवी होती. तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. "गुड आफ्टरनून सर, आमच्या मेंबर्स-ओन्ली क्रूझबद्दल दोन मिनिटं..." साडू फोन ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी स्पीकर लावला आणि फोन ताईंच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

"किंमत नको सांगू," ते म्हणाले. "बोट सुटली की काय दिसतं ते सांग."

"सर, आपल्याकडे स्विमिंग पूल, स्पा, लाइव्ह..."

"आतलं नको. बाहेर काय दिसतं?"

 मागे तिच्यासारख्याच दुसऱ्या मुलींचे आवाज ऐकू येत होते. मग ती आवाज उतरवून म्हणाली, "सर, सच्ची सांगू? मी कधी गेले नाहीये. मी शहाडला राहते."

ताई फोनकडे झुकल्या. "तरी सांग, बाळा. सुटली बोट. आता?"

"आता... आता मॅडम, आधी बिल्डिंगी बारीक होतील ना. मग लाइनसारख्या दिसतील. मग नाहीच."

"मग?"

"मग पाणी."

"कुठल्या बाजूला?"

"सगळीकडेच, मॅडम. तुम्ही जिकडे बघाल तिकडे."

 ताईंचे डोळे उघडे होते आणि हात मांडीवर पडलेले होते. साडू खुर्चीमागे उभे होते. मुलगी घाबरून म्हणाली, "हॅलो? सर, आहात ना लाइनवर?"

साडू फोनपाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "तू बोल. ती बघतेय."