खडूच्या एकतीस खुणा

पुण्याच्या एका हौशी गाडीवाल्याने शांताराम आहेरला फसवलं. एकतीस दोष डोळ्यांनी पाहून, एकेक मान्य करून त्याने आमची गाडी नेली. वर्षभरात तीच गाडी 'नखशिखांत मूळ, कुठेही हात न लावलेली' म्हणून पुढे विकली, तीही शांतारामची सही दाखवून. लबाड ठरला शांताराम. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. त्या माणसाचं नाव छापता येणार नाही असं संपादक म्हणतात, म्हणून लिहीत नाही. तो हे वाचेल आणि कोणाबद्दल आहे ते त्याला पहिल्याच ओळीत कळेल.

त्याच्या दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, बसलो होतो. माझ्या मागे उभा असलेला एक जण शेजारच्याला हळूच म्हणाला, "गेले ते हेच ना, व्हिडिओवाले मिस्त्री? दुसरंच इंजिन घालून मूळ म्हणून विकलं होतं ते..." मी उठलो. शांतारामच्या धाकट्या भावाने माझं मनगट धरलं. "नाना, आज नको. दहाव्याला भांडण नको." बरं. तिथे नाही भांडलो. इथे भांडतो.

मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो. पिंपळगावला टेम्पोवर क्लीनर होतो, तिथून सुरुवात. नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे हायवेला माझं आवार आहे आणि त्यातली एकही फरशी मला कोणी फुकट दिलेली नाही. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की त्याच्या चालण्यावरून मी सांगतो हा घेणार की नुसता फिरणार. राग मला लवकर येतो, हेही सगळ्या नाशिकला माहीत आहे. शांताराम नामपूरचा. कांद्याच्या मार्केटात ट्रकांची कामं करत तो शिकला. पाना हातात धरला की त्याचं बोलणं बंद व्हायचं, आणि बोललाच तर घरची अहिराणी मधे यायची. माझ्याकडे कामाला म्हणून आला आणि तीस वर्षं राहिला. नोकर कधी झाला नाही. मी 'नाना', तो 'शांताराम', दोघांत अरे-तुरे.

त्याची एक पद्धत होती. गाडी विकायला उभी करण्याआधी तो पांढरा खडू घेऊन तिच्याभोवती फिरायचा. जिथे पत्र्याला पुट्टी भरली असेल तिथे गोल. जिथे गंज असेल तिथे गोल. काचेला चरा असेल तर गोल, सीट उसवली असेल तर सीटवर गोल. मग प्रत्येक गोलाला आकडा आणि कागदावर त्या आकड्यापुढे खरं काय ते. प्रत्येक ओळीशेजारी त्याची सही, शाळेतल्या पोरासारखी, नीट काढलेली. गिऱ्हाईकाच्या हातात ओला फडका द्यायचा. ओळ वाचायची, गोल पाहायचा, पटलं की स्वतःच्या हाताने पुसायचा. शांताराम कधी पुसायचा नाही. "ज्यानं पुसलं त्यानं पाह्यलं," एवढंच म्हणायचा.

पहिल्यांदा त्याने हे केलं तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. काळी जुनी गाडी, पॉलिश करून चकचकीत, आणि तिच्यावर सतरा गोल. मी म्हटलं, "माझं दुकान बंद करायला आलास का तू?" तो म्हणाला, "गाडी चांगली शे. फक्त सतरा ठिकाणी नही." तेवढ्यात दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले बागायतदार आत आले. गाडीभोवती फिरले. "शेठ, ही गाडी हाय का रांगोळी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी फडका घेतला, सतराच्या सतरा गोल वाचून पुसले, खाली वाकून बघितलं, अठरावा शोधायला गेले, सापडला नाही. "लय झालं," म्हणाले आणि मी सांगितलेल्या किमतीला गाडी घेतली. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाव पाडायला आलेल्या माणसाचं हत्यार म्हणजे त्याने शोधून काढलेला दोष. शांतारामने ते हत्यार आधीच टेबलावर मांडून ठेवलं होतं. मी धंदा म्हणून ती पद्धत उचलली. त्याच्यासाठी तो धंदा नव्हता. काय होतं ते मी त्याला कधी विचारलं नाही... आता विचारायला माणूस नाही.

ती गाडी आमच्याकडे आली देवळाली कॅम्पातून. एका पारशी बाईंच्या बंगल्यामागे शेडमध्ये विलायती, दोन सीटची, उघडी स्पोर्ट्स कार पडून होती. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. बाई म्हणाल्या, "कोंबडीला हलवू नका, बाकी सगळं घेऊन जा." आम्ही तीन आठवडे थांबलो, पिल्लं निघाली, मग गाडी ओढून आणली. अकरा वर्षं लागली. रविवार म्हणजे ती गाडी. मूळ इंजिन फुटलेलं होतं, म्हणून त्याच कंपनीच्या साध्या चार दारांच्या गाडीचं इंजिन बसवलं. डावं मडगार्ड शांतारामने लाकडी ठोकळ्यावर पत्रा बडवून हाताने घडवलं. हूडचं कापड पिंपळगावला कांद्याच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. मूळचा हिरवा रंग मिळेना, म्हणून मरून दिला. पहिल्यांदा त्र्यंबक रस्त्याला काढली तेव्हा हवालदाराने शिट्टी मारून थांबवलं. कागद नाही मागितले. म्हणाला, "पाच मिनिटं बसू द्या फक्त." मी खाली उतरलो, हवालदार बसला, आणि शांतारामने त्याला सातपूरपर्यंत फिरवून आणलं. मी रस्त्याच्या कडेला हवालदाराची टोपी धरून उभा.

गाडी विकायचं त्यानेच काढलं. गुडघे गेले होते. सीट जमिनीपासून वीतभर, बसला की उठवायला दोन माणसं लागायची. एकदा मी ओढून काढताना दोघंही आडवे झालो. तो आडवा पडल्या पडल्याच म्हणाला, "इक आता हिले. हिले तरणा मानूस पाह्यजे."

पुण्याचा तो आला तेव्हा गाडीवर एकतीस गोल होते. मडगार्डावर गोल, हूडवर गोल, बॉनेट उघडलं तर इंजिनावर केवढा तरी मोठा गोल. चॅसीला जोड दिला होता तिथे शांताराम गुडघ्यांची पर्वा न करता खाली सरपटून गोल काढून आला होता. आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कोणालाही विचारायचा हक्क मला नाही. मी शांतारामला म्हटलं, "मोठं गिऱ्हाईक आहे. तुझा हा वहीतला फाटका कागद नको. मी टाइप करून घेतो, तीन पानं होतील, शेवटच्या पानावर एकच सही कर." तो म्हणाला, "प्रत्येक ओळीले सही पाह्यजे, नाना." मी चिडलो. चारचौघांत चिडलो. "तीस वर्षं झाली, अजून तुझी शाळा सुटत नाही का?" त्याने पेन उचललं. तिसऱ्या पानावर 'वरील सर्व मी स्वतः तपासले आहे व ते खरे आहे' आणि खाली सही. वरील सर्व म्हणजे पहिली दोन पानं. दोष त्याच दोन पानांवर होते.

गोल पुसताना मात्र त्याने त्याचाच हाताने लिहिलेला कागद वापरला. पुण्याच्या माणसाने एका हातात फडका घेतला, दुसऱ्या हातात खिशातलं हिरव्या शाईचं पेन. वाचायचा, पुसायचा, खूण करायचा. मजेत होता. "मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस पुण्यात नाही," म्हणाला. गाडी गेल्यावर मी शांतारामला म्हटलं, "तो चिटोरा टाकून दे आता."

वर्षाने फोन आला. कोल्हापूरचे एक तरुण डॉक्टर. त्यांनी गाडी पुण्याच्या माणसाकडून घेतली होती आणि पुढे तपासणीत इंजिनाचा नंबर जुळेना. त्यांच्याकडे एकच पान होतं, गाडी मूळ असल्याचा मिस्त्रीचा दाखला म्हणून पुण्याच्या माणसाने दिलेलं. तिसरं. डॉक्टरांनी संतापून व्हिडिओ काढला, त्यात ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. शांतारामची ती नीटस सही मोबाइलभर. मी डॉक्टरांना दोष देत नाही. तेही फसले. पुढे मी त्यांना माझ्याकडच्या प्रतीतली टाइप केलेली पहिली दोन पानं पाठवली, तेव्हा त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो नाशिकच्या प्रत्येक गॅरेजच्या ग्रुपवर फिरून आला होता. आणि पुण्याचा माणूस सगळ्यांना सांगत सुटला होता की, असली पानं कोणीही मागाहून टाइप करू शकतो, मला त्यांनी फक्त ते एकच दिलं होतं.

मी शांतारामला म्हटलं, चल पुण्याला. तो म्हणाला, "सही माझी शे ना? मग झालं." लोक विचारायला आले, पत्रकार आला एक. सगळ्यांना तेच उत्तर. "पान सुटं ठेवलं, चूक माझी." ती चूक कोणाची ते त्याला आणि मला माहीत होतं. माझं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. मी समोर बसलेलो असताना नाही, मागे नाही. त्याच्या बायकोला, वहिनींनाही सांगितलं नव्हतं. त्यांना हे मीच सांगितलं, तेराव्यानंतर. त्या माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत घेऊन गेल्या.

व्हिडिओनंतर त्याने खडू हातात घेतला नाही. आवारात यायचा, स्टुलावर बसायचा, पोरं इंजिन खोलायची ते बघायचा. मी म्हटलं, "ती निळी गाडी उद्या दाखवायचीय, गोल काढ." तो म्हणाला, "माझ्या गोलाले आता कोन विचारतं..." पाच महिन्यांनी हृदयाने दगा दिला. व्हिडिओने मेला असं मी म्हणणार नाही. हॉस्पिटलने कारण लिहून दिलंय आणि बिड्याही त्याने कमी ओढल्या नव्हत्या. मी एवढंच म्हणतो, की जो माणूस तीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्र्यावरचे डाग दाखवत आला, तो न केलेल्या लबाडीचा डाग अंगावर घेऊन गेला.

मागच्या आठवड्यात त्याचं कपाट आवरलं. खडूचा पत्र्याचा डबा तसाच बंद होता. शांताराम कधी कागद टाकत नसे, जो कागद हाताला येईल त्यात खडूचे तुकडे गुंडाळून ठेवायचा. मी डबा उघडला, पुडी सोडली. वहीचं पान. पुढून मागून एकतीस ओळी, त्याच्या अक्षरात. प्रत्येक ओळीशेजारी सही. आणि प्रत्येक सहीशेजारी हिरव्या शाईची खूण. मी टाकायला सांगितलेला चिटोरा. त्याने खडूला दिला आणि स्वतःही विसरला.

वकील म्हणाले, छापू नका, आधी नोटीस देऊ. नोटीसही देईन. पण हे आधी. तो कागद काचेत बसवून माझ्या आवाराच्या फाटकाशी लावला आहे, शेजारी डबा. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो वाचतं. निळ्या गाडीवर गोल मीच काढले, नऊ. माझे वाकडे येतात.

तेव्हा पुण्याच्या साहेबांना विचारतो, आणि उत्तर इथेच, याच पुरवणीत, चारचौघांत पाहिजे. ओळ चौदा : 'इंजिन मूळ नाही, दुसऱ्या गाडीचे आहे.' तिच्यापुढची हिरवी खूण तुमची आहे की नाही? बॉनेटखालचा तो मोठा गोल ओल्या फडक्याने कोणी पुसला? आणि तुम्हाला दिलेली पहिली दोन पानं कुठे आहेत?